घरच्या एअर कॉम्प्रेसरचा दाब चढत नसेल तर: पाना हाती घेण्यापूर्वीची तपासणी

ट्रॉलीच्या टायरमध्ये हवा भरणे, ट्रॅक्टरच्या रेडिएटरमधील भुसा उडवणे, फवारणी पंपाचे नोझल मोकळे करणे, कोठ्याच्या लोखंडी फाटकाला गनने रंग मारणे, अशा कामांसाठी एक किंवा दोन अश्वशक्तीचा आणि २५ ते १०० लिटरच्या टाकीचा एअर कॉम्प्रेसर घरी असला की पंक्चरच्या दुकानापर्यंत चाक वाहून नेण्याचा त्रास वाचतो. मात्र एके दिवशी मोटर चालू राहते, आवाज नेहमीसारखा येतो आणि गेजचा काटा चार किलोवरच अडतो. मिस्त्री तालुक्याच्या गावी असतो आणि यंत्र न पाहताच फोनवर सांगतो, "स्विच गेला असन भाऊ, नवा टाकून घ्या." मी एकदा असा नवा स्विच बसवला. दोष मात्र एका रबरी चकतीत निघाला, जिची किंमत स्विचच्या मानाने काहीच नव्हती. तेव्हापासून मी एक क्रम पाळत आलो आहे: आधी पाहावे, मग ऐकावे, मग घड्याळ लावून वेळ मोजावी, आणि खोलायचेच असेल तर सर्वांत शेवटी खोलावे. नव्याने कॉम्प्रेसर घेतलेल्यांसाठी तोच क्रम येथे मांडला आहे.

हात लावण्यापूर्वी

दुरुस्ती करताना प्लग सॉकेटमधून काढून बाजूला ठेवावा. केवळ स्विच बंद करून भागत नाही. आपल्याकडे लाइन केव्हा जाईल आणि केव्हा येईल याचा नेम नसतो. दाबानुसार मोटर चालू-बंद करणारा प्रेशर स्विच 'ऑटो'वर राहिला असेल, तर लाइन परत येताच मोटर कोणालाही न विचारता फिरू लागते, आणि त्या क्षणी पट्ट्याजवळ बोटे असतील तर ती जातात. त्यानंतर टाकीखालचा ड्रेन कॉक हळूहळू उघडून काटा शून्यावर येईपर्यंत हवा सोडावी. सिलिंडरचे हेड आणि तेथून टाकीकडे जाणारी धातूची नळी भाजण्याइतकी तापते, म्हणून अर्धा तास थांबावे. टाकीला कधीही वेल्डिंग करू नये, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो म्हणून त्याच्या जागी बोल्ट ठोकू नये. या दोन गोष्टींना अपवाद नाही.

हवेचा रस्ता

दोष शोधण्यासाठी हवा कोणत्या वाटेने जाते हे डोळ्यांसमोर असावे लागते. फिल्टरमधून आत आलेली हवा हेडमधील पातळ पोलादी पत्तीच्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये शिरते, पिस्टन तिला दाबतो, आणि दुसऱ्या पत्तीतून ती धातूच्या नळीने टाकीकडे निघते. टाकीच्या तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. तो हवेला आत जाऊ देतो, परत येऊ देत नाही. टाकीवर प्रेशर स्विच, गेज आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बसवलेले असतात. पुढे बाहेर जाणाऱ्या हवेचा दाब ठरवणारा रेग्युलेटर, नळी जोडण्याचा कपलर आणि रबरी नळी येते.

याशिवाय नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या अंगातून एक बारीक नळी निघून प्रेशर स्विचच्या खालच्या बाजूला जाते. मोटर थांबली की हेड आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह यांच्यामध्ये अडकलेली हवा या नळीतून बाहेर सोडली जाते, त्यामुळे पुढच्या वेळी मोटरला रिकाम्या हेडवर सुरू होता येते. या व्यवस्थेला अनलोडर म्हणतात. यंत्र थांबताना जो एक-दोन सेकंदांचा "फुस्स" आवाज येतो तो याचाच असतो. नवखा माणूस त्यालाच गळती समजतो, पण तो आवाज येणे हे चांगले लक्षण आहे.

बहुतेक घरगुती यंत्रांत मोटर सुमारे ८ बारला थांबते आणि दाब सुमारे ६ बारपर्यंत उतरला की पुन्हा सुरू होते. नेमके आकडे आपल्या यंत्राच्या पट्टीवर पाहावेत. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय. दुकानदार ज्याला "किलो" म्हणतो तो एका चौरस सेंटिमीटरवरील किलोग्रॅमचा दाब असतो, आणि असा १ किलो म्हणजे १४.२ पीएसआय. घरगुती कामापुरते बार आणि किलो एकच मानले तरी चालते.

पहिली पायरी: गेज आणि वीज

टाकी रिकामी असताना काटा शून्यावर नसेल तर गेज बदलावे. ते काही महाग नसते. दोन गेजचे यंत्र असल्यास रेग्युलेटर पूर्ण उघडून दोन्ही काटे सारखे दिसतात का ते पाहावे. खोट्या गेजवर विसंबून केलेली पुढची सगळी तपासणी वाया जाते.

विजेकडे मात्र अधिक लक्ष द्यावे लागते, कारण आपल्या गावांत कॉम्प्रेसरच्या निम्म्या तक्रारी यंत्राच्या नसून डीपीपासून सॉकेटपर्यंतच्या असतात, असे माझे मत बनले आहे. घरगुती पुरवठा २३० व्होल्टांचा मानला जातो. रब्बीत हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी चालू असताना मल्टिमीटर लावला तर तो १८० दाखवतो, हे मी स्वतः पाहिले आहे. आता सुरू होतानाचे मोटरचे बळ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणजे १८० व्होल्टांवर ते २३० च्या तुलनेत जेमतेम ६१ टक्के उरते. रिकाम्या टाकीवर मोटर कशीबशी सुटते, पण सहा किलोवर पुन्हा सुरू होण्याची वेळ आली की नुसती गुणगुणते, तापते आणि ओव्हरलोड (मोटरवर ताण आला की वीज तोडणारा भाग) तिला बंद पाडतो.

लांब एक्सटेन्शन बोर्डामुळे यात भरच पडते. एक चौरस मिलिमीटर तांब्याची ३० मीटर वायर घेतली, तर जाण्या-येण्याची मिळून ६० मीटर लांबी होते आणि तिचा रोध सुमारे १.१ ओहम भरतो. दोन अश्वशक्तीची मोटर चालताना साधारण १० अँपिअर घेते, त्यामुळे ११ व्होल्ट वायरमध्येच संपतात. सुरू होण्याच्या क्षणी प्रवाह चार-पाच पट होतो, तेव्हा ४० व्होल्टांहून अधिक घट होते. म्हणून यंत्र अंगणात ओढून नेण्यापेक्षा ते सॉकेटजवळ ठेवावे आणि हवेची नळी लांब घ्यावी. वायर लांबवणे अटळच असेल तर ती २.५ चौरस मिलिमीटरची असावी. व्होल्टेज मोजायचे ते मोटर सुरू होत असताना, त्याच सॉकेटवर. मोटर बंद असताना घेतलेला आकडा फसवा असतो.

दुसरी पायरी: भरण्याची वेळ मोजणे

यंत्र नवे असतानाच टाकी शून्यापासून पूर्ण भरायला किती मिनिटे लागतात हे मोजून ठेवावे आणि टाकीवरच रंगाने लिहावे. पुढे हीच नोंद सर्वांत उपयोगी पडते. ज्यांनी ती ठेवली नाही त्यांना गणिताने अंदाज करता येतो. ५० लिटरची टाकी ८ बारपर्यंत भरण्यासाठी बाहेरची ४०० लिटर हवा दाबावी लागते. पट्टीवर मिनिटाला २०० लिटर असे छापले असेल, तर तो बहुधा पिस्टनने व्यापलेल्या जागेचा आकडा असतो आणि प्रत्यक्षात त्याच्या ६० ते ७० टक्के हवा मिळते. म्हणजे टाकी भरायला तीन-साडेतीन मिनिटे लागणे स्वाभाविक आहे. सात-आठ मिनिटे लागत असतील तर दोष आहे.

वेळ दोन टप्प्यांत मोजावी: शून्य ते चार आणि चार ते आठ. सुरुवातीपासूनच काटा रेंगाळत असेल तर हवा आत कमी येत आहे, म्हणजे फिल्टर पाहावा. पहिला टप्पा वेळेत होऊन दुसरा लांबत असेल तर दाबलेली हवा कोठून तरी परत फिरते आहे, कारण दाब वाढला की फटीतून निसटणारी हवाही वाढते. किंवा ओझे वाढल्यावर पट्टा घसरतो आहे.

उलट, टाकी पूर्वीपेक्षा लवकर भरू लागली तर काही जण यंत्र सुधारले म्हणून खूश होतात. वास्तविक टाकीत पाणी साचलेले असते. ५० लिटरच्या टाकीत १० लिटर पाणी असेल तर हवेला ४० लिटरच जागा उरते, म्हणून दाब झटकन चढतो आणि वापरायला घेतल्यावर तितक्याच झटकन उतरतो. पावसाळ्यात ३० अंश तापमानाच्या आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत दर हजार लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. ही हवा ८ बारला दाबून थंड झाली की त्यातले साधारण २० ग्रॅम टाकीत पाणी होऊन बसते. मिनिटाला १३० लिटर हवा देणारे यंत्र तासभर चालले तर जवळपास १५० ग्रॅम पाणी जमते. त्यामुळे जून ते सप्टेंबर रोज काम संपल्यावर ड्रेन कॉक उघडावा. साचलेले पाणी टाकीला आतून गंजवते, आणि तो गंज बाहेरून दिसत नाही.

तिसरी पायरी: उभ्या टाकीची गळती

टाकी पूर्ण भरावी, प्लग काढावा, नळी सोडवून ठेवावी आणि दहा-पंधरा मिनिटे काहीही करू नये. नुकतीच दाबलेली हवा गरम असते. ती थंड होताना गळती नसतानाही दाब उतरतो. टाकीतील हवा ६० अंशांवरून ३० अंशांवर आली तर ८ बारचा काटा ७.२ च्या आसपास येतो. हे ठाऊक नसल्यामुळे चांगल्या टाकीवर साबण फासत बसलेले लोक मी पाहिले आहेत. काटा स्थिरावला की आकडा लिहावा आणि अर्ध्या तासाने पुन्हा पाहावा. टाकीचे लिटर गुणिले उतरलेले बार भागिले मिनिटे, एवढ्या हिशेबाने मिनिटाला किती लिटर हवा जाते ते कळते. ५० लिटरच्या टाकीत अर्ध्या तासात अर्धा बार उतरला, तर गळती मिनिटाला एका लिटरहूनही कमी आहे; अशा यंत्राला छेडू नये. दहा मिनिटांत एक बार उतरत असेल तर मिनिटाला ५ लिटर जात आहेत, आणि जागा शोधावी लागेल.

शोधण्यासाठी भांडी घासण्याच्या साबणाचे दाट पाणी ब्रशने लावावे. माझ्या अनुभवात पहिला मान ड्रेन कॉकचा आणि दुसरा कपलरचा असतो. त्यानंतर प्रेशर स्विचच्या खालची आटी, गेजची आटी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह. आटीतून बुडबुडे येत असतील तर टाकी रिकामी करून जोड सोडवावा, जुनी टेप खरवडून काढावी आणि टेफ्लॉन टेपचे चार-पाच वेढे आटीच्या दिशेने गुंडाळून तो पुन्हा आवळावा. पहिल्या आटीवर टेप घेऊ नये, नाहीतर तिचे तुकडे आत जाऊन व्हॉल्व्ह अडवतात. बुडबुडे टाकीच्या पत्र्यातून किंवा वेल्डिंगच्या रेषेतून येत असतील तर तेथे दुरुस्ती संपली. गंजाने पातळ झालेल्या त्या पत्र्याला कोणतीही लांबी (पुटी) किंवा लेप लावण्यात अर्थ नाही. टाकी भंगारात द्यावी.

स्विचखालची फुसफुस

ज्या दोषाने मला स्विचचे पैसे वाया घालवायला लावले तो हा. मोटर थांबल्यावर येणारा "फुस्स" दोन सेकंदांत न थांबता चालूच राहतो, आणि काटा हळूहळू उतरत जातो. हवा स्विचच्या अंगाखालून येत असल्याने स्विचच फुटला असे वाटते. खरे पाहता ती टाकीतील हवा असते. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमधील चकती झिजल्यामुळे किंवा तिच्यावर काजळी बसल्यामुळे हवा उलट फिरते आणि अनलोडरच्या बारीक नळीने बाहेर पडते. अनलोडर तेव्हा उघडा असायलाच हवा, त्यामुळे तो आपले काम नीट करत असतो.

याची खूण लक्षात ठेवावी. मोटर बंद असताना फुसफुस चालू राहिली तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पाहावा. मोटर चालू असताना त्याच जागेतून हवा येत असेल तर स्विचखालचा अनलोडर अडकला आहे. मोटर थांबली आणि आवाज मुळीच आला नाही, तर अनलोडर उघडत नाही किंवा बारीक नळी तुंबली आहे. मग हेडमध्ये दाब कोंडलेला राहतो आणि मोटर पुढच्या वेळी गुणगुणते.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उघडणे नवख्यालाही जमते, परंतु टाकी पूर्ण रिकामी असल्याशिवाय त्याला पाना लावू नये. वरची टोपी सोडवली की स्प्रिंग आणि रबरी किंवा टेफ्लॉनची चकती निघते. काजळी फडक्याने पुसावी, चकती बसते ती कड नखाने चाचपून पाहावी आणि चकतीवर खोल वळ पडला असेल तर नवी घालावी. कड पॉलिश पेपरने घासण्याचा मोह टाळावा. ओरखडा पडला की नवी चकतीही गळते.

मोटर गुणगुणत असेल तर टाकी रिकामी करून ती सुरू होते का पाहावे. रिकाम्या टाकीवर सुरू होते पण दाबावर होत नाही, याचा अर्थ अनलोडर, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह किंवा व्होल्टेज. रिकाम्यावरही होत नसेल तर बहुधा मोटरला सुरू व्हायला मदत करणारा कपॅसिटर गेला आहे. प्लग काढल्यानंतरही कपॅसिटर झटका देऊ शकतो, म्हणून ते काम वायरमनकडे द्यावे.

फिल्टर, पट्टा आणि हेड

कापसाच्या हंगामात घरातली एक खोली कापसाने भरलेली असते आणि कॉम्प्रेसरही त्याच खोलीत ठेवला जातो. कापसाचे तंतू फिल्टरवर नमद्यासारखे बसतात आणि सिलिंडरच्या पंखांमधली जागा भरून टाकतात. त्यामुळे हवा कमी मिळते, यंत्र तापते, आणि तापलेल्या हेडजवळ कापूस असणे हा आगीचा धोका असतो तो वेगळाच. सोयाबीन आणि तूर काढताना थ्रेशरचा भुसाही हेच करतो. फिल्टर काढून मिनिटभर यंत्र चालवावे. काटा लगेच जोमाने चढू लागला तर दोष फिल्टरचाच. स्पंजचा फिल्टर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा, कागदी फिल्टर आतून बाहेर हवा मारून झटकावा आणि काळा पडला असेल तर बदलावा. फिल्टरशिवाय नेहमी यंत्र चालवू नये. धूळ पिस्टनच्या रिंगांना खाते.

पट्ट्याच्या यंत्रात दोन पुलींच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यास पट्टा साधारण १० ते १२ मिलिमीटर दबावा. किंचाळी ऐकू येणे आणि जाळीखाली काळी भुकटी पडणे ही घसरण्याची लक्षणे आहेत. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या यंत्राचा पट्टा लवकर कडक होतो.

एवढे सगळे ठीक असूनही दाब ठरावीक आकड्यावर अडत असेल तर हेडकडे वळावे. फिल्टर काढून, यंत्र चालू असताना, हवा आत येण्याच्या तोंडासमोर कागदाचा तुकडा धरावा. कागद आत ओढला जायला हवा. तो ओढला जाऊन परत बाहेर फेकला जात असेल तर हवा आत घेणारी पत्ती तुटली आहे किंवा तिच्याखाली कचरा आहे. हेडच्या जोडाला साबण लावून बुडबुडे आले तर गॅस्केट गेले. हेड उघडायचे ठरल्यास प्रत्येक थराचा मोबाइलवर फोटो काढावा, कारण पत्त्या उलट बसल्या की यंत्र हवा देत नाही. नवे गॅस्केट घालून बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळावेत.

तेलाच्या टोपीतील श्वासछिद्रातून तेलकट हवेचे झटके येत असतील आणि ड्रेनचे पाणी दुधाळ निघत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. ते काम घरी करू नये. तेलाची पातळी काचेच्या मध्यावर असावी, आणि माहितीपुस्तकात सांगितलेले कॉम्प्रेसरचेच तेल घालावे. मोटारसायकलचे उरलेले तेल ओतू नये.

टाकीत दाब आहे, पण गनला नाही

टाकीवर आठ आणि गनवर जेमतेम दोन, अशी तक्रार असेल तर रेग्युलेटरचा काटा गनचा खटका दाबलेला असताना पाहावा. तेव्हाच तो कोसळत असेल तर रेग्युलेटरची जाळी किंवा पडदा तपासावा. काटा टिकून असेल तर नळी अरुंद आहे किंवा कपलर अडला आहे. लांब नळी घेताना आतला व्यास ८ मिलिमीटर घ्यावा. मोठ्या रंगाच्या गनला कधी कधी यंत्र देऊ शकते त्याहून अधिक हवा लागते. तो दोष नाही. दोन हात मारून थांबावे आणि टाकी भरू द्यावी.

दाब थांबतच नसेल तर

काटा आठच्या पुढे जात राहिला आणि सेफ्टी व्हॉल्व्ह सुटला, तर लगेच प्लग ओढावा. बहुधा प्रेशर स्विचचे पॉइंट चिकटलेले असतात. या एका प्रसंगी मिस्त्रीचे "स्विच गेला" हे खरे असते. स्विचचा स्क्रू फिरवून दाब वाढवण्याचा प्रयोग करू नये. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी महिन्यातून एकदा ओढून तो मोकळा आहे याची खात्री करावी.

तालुक्याला जाण्याची खेप वाचावी म्हणून घरी नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची चकती, एक पट्टा, हेडचे गॅस्केट आणि टेफ्लॉन टेपची दोन रिळे ठेवावीत. सुटा भाग आणायला जाताना जुना भाग खिशात घालून न्यावा, आणि पट्ट्याचा क्रमांक तो नवा असतानाच टाकीवर, भरण्याच्या वेळेच्या खाली, रंगाने लिहावा. तुटलेल्या पट्ट्यावरचा क्रमांक बहुतेक वेळा घासून गेलेला असतो.